दिवंगत संपादकाचा पत्रव्यवहार

आमच्या ‘बीकन’ साप्ताहिकात मेलेल्या माणसाचं पहिलं पत्र आलं ते १८७८च्या जूनमध्ये, आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

मी जेबेझ ट्रेम्बाथ. मॅगपाय रीफ या खाणगावातल्या छापखान्यात तेरा वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवली. त्यातली पहिली अकरा एबनर टकवेलसाहेबांच्या हाताखाली. हे साप्ताहिक त्यांनीच काढलं होतं. सोन्याच्या खाणीत घण मारणारा माणूस, खोकल्यामुळे खाणीतून वर आला आणि संपादक झाला. गावात त्यांच्या अग्रलेखांची एवढी ख्याती, की लोक वाक्यं पाठ म्हणून दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि त्यांच्या विधवा बाईंनी साप्ताहिक सायलस ऑर्मरॉड यांना विकलं. ऑर्मरॉडसाहेब लँकेशायरचे. उंच, हडकुळे आणि कडवे नास्तिक. देव नाही, आत्मा नाही, मेल्यावर काही नाही, असं ते नाश्त्याच्या आधीच एकदा म्हणून घ्यायचे. गावात त्यांना धरून अडीच नास्तिक होते. अर्धा म्हणजे औषधांचा दुकानदार. तो बायको माहेरी गेली की नास्तिक असायचा.

तर ते पत्र. आदल्या अंकात माझ्या हातून एक चूक झाली होती. ‘रेव्हरंड मॅक्विर्टर यांचं रविवारचं प्रवचन दीड तास चाललं’ असं जुळवायचं, तर मी ‘पचन’ जुळवलं. पुढे ‘आणि श्रोते भारावून गेले’ होतंच. गाव आठवडाभर हसलं. रेव्हरंड हसले नाहीत.

मंगळवारी सकाळी लव्हिनिया पास्कोबाई छापखान्यात आल्या. बाईंचं मुख्य रस्त्यावर टोप्यांचं दुकान होतं. शिवाय त्या प्लँचेटवर बसून मृतात्म्यांशी बोलायच्या, तेही फक्त रविवारी दुपारी. कारण बाकीचे सहा दिवस खाणीवरची दगड कुटायची यंत्रं धडाधड चालायची, आणि गावातलं प्रत्येक टेबल आत्म्यावाचूनच ठकठक वाजायचं.

“मिस्टर ऑर्मरॉड, टकवेलसाहेबांचं पत्र आणलंय,” बाई म्हणाल्या.

“कुठले टकवेल?”

“तुमच्या खुर्चीत तुमच्याआधी बसायचे ते.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, ते मेलेत.”

“म्हणून तर मला आणावं लागलं.”

पत्र पेन्सिलनं लिहिलेलं, अक्षरं गव्हाच्या पिकासारखी एका बाजूला झुकलेली. मजकूर असा: ‘मी गेल्यापासून साप्ताहिकात चुका वाढल्या आहेत. माझ्या वेळी पाद्र्याचं पचन कधी छापलं गेलं नाही. जेबेझनं डोळे तपासून घ्यावेत.’ खाली सही, आणि सहीखाली पत्ता: मॅगपाय रीफ दफनभूमी, सातवी रांग.

साहेबांनी ते केराच्या टोपलीवर धरलं. तेवढ्यात बाईंनी भिंतीवर लावलेल्या अंकाकडे बोट केलं. साप्ताहिकाच्या नावाखाली दर आठवड्याला एक ओळ असायची, साहेबांनी मोठ्या अभिमानानं घातलेली: ‘नाव आणि पत्ता देणाऱ्या कोणाचंही मत या साप्ताहिकात छापलं जाईल.’

“नाव आहे,” बाई म्हणाल्या. “पत्ताही आहे. जाऊन बघून या हवं तर.”

साहेब खोलीत तीन फेऱ्या मारून आले. मी खाली मान घालून खिळे वेचत होतो, पण कान तिकडेच.

“जेबेझ! भुताला मत असू शकतं का?”

“मला काय विचारता साहेब? त्यानं माझीच तक्रार केलीय.”

शेवटी त्यांनी ते छापलं. खाली टीप जोडली: ‘संपादकाचा भुतांवर विश्वास नाही, मतस्वातंत्र्यावर आहे.’ माझी निंदा मीच जुळवली, आणि चूक न करता जुळवली.

अंक दुपारच्या आत संपला.

मग दर मंगळवारी पत्र येऊ लागलं. टकवेलसाहेब परलोकातून सगळ्यांवर बोलायचे. नव्या पुलाचे खांब वाकडे आहेत. खाटिकाच्या तराजूत खोट आहे. मेलबर्नच्या एका वृत्तपत्रानं आमची पत्रं उचलून छापली, मग सिडनीच्या एकानं. तिथल्या संपादकानं लिहिलं, वसाहतीत सगळ्यात जिवंत लिहिणारा माणूस हा मेलेला आहे.

जुलैमध्ये टकवेलसाहेबांनी वाचनालयाच्या प्रश्नाला हात घातला. आमचं वाचनालय रविवारी बंद असायचं. खाणकामगाराला सुट्टी फक्त रविवारची, म्हणजे ज्या एका दिवशी तो वाचू शकेल नेमका त्याच दिवशी पुस्तकांना कुलूप. ऑर्मरॉडसाहेब वर्षभर याविरुद्ध लिहीत होते. कोणी ढुंकून पाहत नव्हतं. समितीचे अध्यक्ष रेव्हरंड मॅक्विर्टर. त्यांचं म्हणणं, रविवारी वाचायला एक पुस्तक पुरेसं आहे. पण ‘मी त्या वाचनालयाला दोनशे पुस्तकं दिली, ती सहा दिवसांसाठी दिली नव्हती,’ असं टकवेलसाहेबांचं पत्र आलं आणि गाव पेटलं. सभासदांचं मतदान ठरलं, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

रेव्हरंड स्वतः छापखान्यात आले. रुंद, लाल चेहऱ्याचे स्कॉटिश गृहस्थ.

“मिस्टर ऑर्मरॉड, हा माणूस स्वर्गात तरी असेल नाहीतर दुसरीकडे तरी. दोन्ही ठिकाणी पत्रं लिहू देत नाहीत.”

“मला तर दोन्ही ठिकाणं ठाऊक नाहीत,” साहेब म्हणाले. “तुमचा तिकडे वशिला आहे. तुम्हीच चौकशी करा.”

“तुम्ही नास्तिक, आणि भुताला रकाना देता?”

“तुम्ही परलोक मानता, आणि तिथून आलेलं पत्र मानत नाही?”

मला वाटतं, आपण भलत्याच बाजूला उभे आहोत हे दोघांनाही कळलं होतं.

सगळं बरं चाललं असताना साहेबांनी माती खाल्ली. त्यांच्या तत्त्वाला ही विक्री टोचत असावी. एका पत्राखाली त्यांनी टीप लिहिली: ‘हा मजकूर परलोकापेक्षा मुख्य रस्त्यावरच्या टोप्यांच्या दुकानातून आला असावा, असा संपादकाचा कयास आहे.’

मी म्हणालो, “साहेब, ही ओळ गाळू या.”

“का? खरी आहे.”

“बाईंना लागेल.”

“सत्य लागतंच, जेबेझ.”

बाईंना लागलं. त्या नव्या टोपीवरची पिसं थरथरवत आल्या. मला त्यांच्याबद्दल एवढंच सांगायचंय, की त्या लबाड नव्हत्या. एका रविवारी मी स्वतः त्यांच्या बैठकीला गेलो होतो. डोळे मिटून बसायच्या, हात आपोआप चालायचा, आणि काय लिहिलं ते आमच्याबरोबर पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या वाचायच्या. कधी मोठ्यानं हसायच्यासुद्धा.

“टकवेलसाहेब फार दुखावलेत,” त्या म्हणाल्या. “यापुढे ते लिहिणार नाहीत.”

“त्यांना सांगा, संपादकानं आभार मानलेत.”

“तुम्हीच सांगा. जाल तेव्हा.” आणि दार आपटून गेल्या.

पुढच्या अंकात पत्र नव्हतं. अंक पडून राहिले. खाणकामगार दारात येऊन विचारायचे, “म्हातारा आजारी आहे का?” मतदानाला दोन आठवडे उरले होते, आणि सभासदांतली डळमळीत माणसं पुन्हा रेव्हरंडांच्या बाजूला सरकायला लागली होती. साहेबांनी तीन जळजळीत लेख लिहिले. एका कामगारानं मला रस्त्यात थांबवून सांगितलं, “तुमचे साहेब बरोबर बोलतात हो, पण मेलेला माणूस जास्त समजावून सांगायचा.”

गुरुवारी साहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला. दुसरीकडे बघत दिला.

“टकवेलचं पत्र. टपालानं आलं.”

मी कागद पाहिला. अक्षर डावीकडे झुकवायचा खटाटोप केला होता, पण तेरा वर्षं लोकांची अक्षरं वाचणाऱ्याला कोण फसवणार? साहेबांचा ‘र’ घोड्याच्या नालासारखा असायचा. कागदावर नालच नाल पडले होते.

“साहेब, हे तर—”

“तू फक्त जुळव.”

“पण तुमचं तत्त्व?”

“अडीचशे माणसांना रविवारी पुस्तक मिळावं की नाही?”

मी जुळवायला बसलो. सुरुवात चांगली होती. पण साहेब शेवटी साहेबच. भुताच्या तोंडूनही त्यांना आपलं मत लपवता आलं नाही. तिसऱ्या परिच्छेदात टकवेलसाहेब लिहीत होते: ‘मेल्यानंतर काहीही उरत नाही, हे मी आता स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. म्हणून वाचायचं ते जिवंतपणीच वाचून घ्या, आणि रविवारीही वाचा.’

मी दोनदा वाचलं. साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत शीळ घालत होते. मी जुळवून टाकलं.

शनिवारी अंक निघाला आणि तासाभरात पास्कोबाई आत घुसल्या. हातात अंकाची सुरळी.

“बनावट! धडधडीत बनावट! टकवेलसाहेब असं म्हणणं शक्यच नाही. पुरावा द्या.”

“पुरावा?” साहेब म्हणाले. “तुम्ही मागताय पुरावा?”

“मीच मागणार. परलोकातून आलेली कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये.”

“बाई, काही गोष्टी श्रद्धेनं घ्याव्या लागतात,” साहेब म्हणाले. शपथेवर सांगतो, हे शब्द त्यांच्या तोंडून मी या कानांनी ऐकले. बोलल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पास्कोबाईंनी जाहीर आव्हान दिलं. रविवारी दुपारी तीनला सभागृहात सगळी पत्रं लोकांसमोर तपासायची. अध्यक्ष म्हणून रेव्हरंडांना विचारलं, तर ते आनंदानं तयार झाले. दोन शत्रू एकमेकांना बुडवणार, आणि आपल्याला फक्त खुर्चीत बसायचंय! असा रविवार त्यांना वर्षानुवर्षांत मिळाला नव्हता. साक्षीदार एकच, हॅना टकवेल, म्हाताऱ्यांची विधवा. बाई गावाच्या टोकाला राहायच्या. कोंबड्या पाळायच्या, फारशा बोलायच्या नाहीत. सगळ्यांना वाटायचं, नवऱ्याच्या एवढ्या बुद्धीपुढे बिचारी दबली असेल.

त्या दिवशी सभागृहाला खिडक्यांतूनसुद्धा माणसं लटकली होती. टकवेलबाई पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसल्या, करड्या लोकरीचा मोजा.

पास्कोबाई आधी उठल्या. पहिल्या पत्रांतलं एक वाक्य वाचून म्हणाल्या, “बघा! ‘पूल वाकडा आहे, पण कंत्राटदाराइतका नाही.’ हा खास टकवेलसाहेबांचा घाव. दुसऱ्याला साधायचा नाही.”

ऑर्मरॉडसाहेब उठले. त्यांच्या हातात म्हाताऱ्यांच्या जुन्या अग्रलेखांची कात्रणं. “शैलीच बघायची, तर शेवटचं पत्र बघा. लहान वाक्यं. पुरुषी ठामपणा. खाणीत घण मारलेल्या माणसाच्या हाताचा दणका! हे एबनर टकवेल नाहीत, तर कोण?”

“शैलीतलं काय कळतं तुम्हाला?”

“मी त्यांचा वारस आहे, बाई!”

अर्धा तास दोघं म्हाताऱ्यांची वाक्यं एकमेकांवर फेकत होते. टकवेलबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत बिचाऱ्या. वाकून पाहिलं तर त्या हसत होत्या. विणायची सुई खाली पडली होती.

रेव्हरंडांनी टेबलावर थाप मारली. “मिसेस टकवेल, तुम्हीच सांगा. ही पहिली पत्रं तुमच्या पतीची आहेत का?”

“नाहीत,” बाई म्हणाल्या.

ऑर्मरॉडसाहेबांनी छाती काढली.

“मग शेवटचं?”

“तेही नाही.”

छाती परत गेली.

“एवढं खात्रीनं कसं सांगता?” पास्कोबाईंनी विचारलं.

“त्यांना लिहिता येत नव्हतं.”

खिडक्यांतली माणसं आणखी आत वाकली.

“सही यायची,” टकवेलबाई म्हणाल्या. “ठळक मथळे वाचता यायचे. नऊ वर्षांचे असताना खाणीत गेले ते, शाळा कुठली?”

“आणि अग्रलेख?” रेव्हरंडांनी विचारलं.

“मी लिहायची. खाणीचे अहवालही मीच, लग्नाच्या बातम्या मीच. ते वारले तेव्हा त्यांचा मृत्युलेखही मीच लिहिला. आमचा जेबेझ विचारायला आला होता ना, साहेबांनी स्वतःसाठी काही लिहून ठेवलंय का म्हणून. मी म्हटलं, हो, ठेवलंय.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या कानांतून वाफ निघत असणार. अकरा वर्षं त्या बाईंच्या अक्षरातले कागद माझ्याकडे आले होते. साहेबांचं अक्षर वाईट, बाई नक्कल करून देतात, असं मला सांगितलं होतं, आणि मी खुशाल मानलं. दारातून कितीदा पाहिलं होतं, साहेब येरझाऱ्या घालतायत, बाई लिहितायत. मला वाटायचं, ते मजकूर सांगतायत.

“मग ते येरझाऱ्या का घालायचे?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“पाय दुखायचे त्यांचे,” बाई म्हणाल्या. लोक हसले. मग त्या म्हणाल्या, “हसू नका. माणूस फार गोड होता. गावभर हिंडायचे, प्रत्येकाशी बोलायचे, कोण खरं बोलतंय ते त्यांना डोळ्यांत बघून कळायचं. सगळं घरी येऊन सांगायचे. मी ते कागदावर उतरवायची. आम्ही दोघांनी मिळून एक संपादक केला होता. एकट्या कुणाला जमलं नसतं.”

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?” ऑर्मरॉडसाहेबांनी विचारलं.

“कुणी विचारलं? तुम्ही साप्ताहिक विकत घेतलंत तेव्हा छापयंत्र तपासलंत, खिळे तपासलेत, छप्पर तपासलंत. मला म्हणालात, चहा छान झालाय.”

रेव्हरंडांनी खिशातून बायबल काढलं आणि त्यातून एक पिवळं कात्रण. दारूच्या व्यसनावरचा टकवेलसाहेबांचा जुना अग्रलेख. तीन प्रवचनांत त्यांनी त्यातली वाक्यं वापरली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. “हे... तुमचं?”

“माझं. तिसऱ्या ओळीत एक शब्द चुकलाय. जेबेझनं केलंय ते.”

मागच्या बाकावरून एक खाणकामगार ओरडला, “बाई, मग रविवारचं काय? वाचनालय उघडावं की नाही?”

टकवेलबाई उभ्या राहिल्या. “उघडावं. आणि बायकांनाही आत घ्यावं. त्या वाचनालयात माझी दोनशे पुस्तकं आहेत, आणि आजवर मला दाराच्या आत पाऊल टाकता आलेलं नाही. सभासद फक्त पुरुष.”

पास्कोबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बुधवारी मतदान झालं. दोन्ही ठराव मंजूर झाले. रविवारी दोन ते पाच, आणि बायकांसाठी खिडकीपाशी वेगळं टेबल. रेव्हरंडांनी मत दिलं नाही. अध्यक्षाला मत नसतं, असं म्हणाले. तसा नियम मात्र कुठेच नव्हता.

ऑर्मरॉडसाहेबांनी पुढच्या अंकात कबुली छापली: ‘मागील अंकातलं पत्र संपादकानं स्वतः लिहिलं होतं. तो जिवंत आहे आणि शरमिंदा आहे.’ मग मला सोबत घेऊन ते टकवेलबाईंकडे गेले. अंगणात कोंबड्या पायांत येत होत्या. दारात उभं राहून त्यांनी दोनदा घसा साफ केला.

“मिसेस टकवेल, आठवड्याला एक लेख द्याल का?”

“कशावर?”

“तुम्हाला वाटेल त्यावर.”

“खाली नाव माझं. पूर्ण.”

“अर्थातच.”

“आणि छापायच्या आधी मुद्रितं मला दाखवायची. जेबेझ, तोंड वाकडं करू नकोस.”

पास्कोबाई पहिल्या लेखाच्या दिवशी अंक घ्यायला आल्या. साहेबांनी त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, “माझ्या हातानं कोण लिहीत होतं मग?” साहेब वाद घालणार होते. पण बाईंचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, “माहीत नाही, बाई. पण लिहीत चांगलं होतं.” बाई खुश होऊन गेल्या. पुढे त्या बेंडिगोच्या दातांच्या डॉक्टरशी लग्न करून निघून गेल्या. रविवारच्या बैठका तिकडेही चालू आहेत, असं ऐकतो.

वाचनालय उघडलं त्या पहिल्या रविवारी मी तिथे होतो. सहा खाणकामगार आले होते. त्यांतला एक नकाशाच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेला. खिडकीपाशी टकवेलबाई, आपल्याच पुस्तकांपैकी एक उघडून. चार वाजून दहा मिनिटांनी दार किलकिलं झालं आणि रेव्हरंड मॅक्विर्टर आत आले. काही गैरप्रकार तर होत नाही ना, ते बघायला आलोय, म्हणाले. सगळीकडे नजर फिरवली. मग एका फळीजवळ थांबले, समुद्री चाच्यांवरचं एक जाड पुस्तक काढलं, दोन पानं उभ्यानंच चाळली, आणि खुर्ची ओढली. पाच वाजता मला त्यांना सांगावं लागलं, की दार लावायचंय.

मी त्याची चांगली सहा ओळींची बातमी जुळवली होती. टकवेलबाईंनी मुद्रितावर आडवी रेघ मारली.

“पण बाई, अक्षरन्‌अक्षर खरं आहे,” मी म्हणालो.

“माहितीय मला. त्याचं पुस्तक अर्धं राहिलंय. पुढच्या रविवारी येऊ दे त्याला.”